अनधिकृत बदल

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी विश्राम शिंत्रे दोन हजार चारशे मीटर उंचीवर होता आणि त्याच्या मागे चार जणांचा थवा होता. विमानाला इंजिन नव्हतं. उन्हानं तापलेल्या कातळावरून गरम हवा वर उसळते, त्या हवेत नेमक्या क्षणी शिरायचं, गरगरत उंची मिळवायची आणि पुढचा डोंगर गाठायचा, एवढाच तो खेळ. नेमका क्षण ओळखण्यात विश्रामचा हात धरणारं राज्यात कुणी नव्हतं.

"निलोफर, डावीकडे ये. थांब, अजून नको. आता वळ!" तो ओरडला, आणि पडदा काळा झाला.

त्याला वाटलं, लाइट गेली. पण डोक्यावर पंखा फिरत होता. मग पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

'या यंत्रात अनधिकृत बदल आढळला आहे. मेरिडॉन जाळ्यावरील आपलं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. हा निर्णय अंतिम आहे.'

"अक्का!" त्यानं हाक मारली. "अक्का, इकडं ये लवकर! काय झालंय बघ की!"

कुमुद शिंत्रे स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनीच धावत आली. ती विश्रामपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती, आणि निवृत्तीनंतरही ती घरबसल्या शिकवत होती. तिच्या खोलीत स्पर्शमेज होतं. त्यावर तिनं हात ठेवून सोल्डरिंग गन धरली की शेकडो मैलांवर सिरोंच्यात, अक्कलकुव्यात बसलेल्या मुलींच्या हातमोज्यांना तिच्या बोटांची हालचाल जशीच्या तशी जाणवायची. एकवीस मुली होत्या. अर्ध्या महाराष्ट्रात रेडिओपासून पंपाच्या स्टार्टरपर्यंत काहीही बिघडलं, तर तिथं बाईंची एखादी विद्यार्थिनी सापडायची.

तिनं पडदा वाचला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तीच अक्षरं.

"निवड फेरी चाललीय गं," विश्राम म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "चौघंजण वर लटकलेत. त्यांना वाटेल मी पळून गेलो."

कुमुदला त्याच्याकडे बघवेना. पाच वर्षांपूर्वी शिरोलीच्या एका कारखान्यात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. त्यानंतर दीड वर्ष तो गॅलरीतल्या खुर्चीत बसून होता. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचा, नाही विचारलं तर दिवस दिवस बोलायचा नाही. मग कुमुदनं त्याच्यासाठी चामड्याचा एक पट्टा शिवला. त्यात तळहाताचा दाब ओळखणाऱ्या तीन चकत्या बसवल्या, पायाखाली शिलाई मशीनसारखी दोन पॅडल दिली आणि ते सगळं मेरिडॉनच्या खेळयंत्राला जोडलं. पहिले तीन महिने त्याचं विमान डोंगरावर आपटत राहिलं. वर्षभरानं त्याचा संघ उभा राहिला, आणि सोलापूरची परिचारिका निलोफर मुजावर, जिला त्यानं प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं, त्याला 'कप्तान' म्हणायला लागली. मग बाकीचे तिघंही म्हणायला लागले. कारखान्यात एकवीस वर्षं काढून त्याला ते कुणी म्हटलं नव्हतं.

कुमुदनं मदतकेंद्राला फोन लावला.

"नमस्कार, मी मीरा. आपल्याला मदत करायला मला आनंद होईल," एक गोड आवाज म्हणाला. तो माणसाचा नव्हता हे पहिल्याच श्वासात कळत होतं, कारण श्वासच नव्हता.

"आमचं खातं बंद केलंय. अनधिकृत बदल म्हणजे नेमका कुठला, ते सांगा."

"सुरक्षेच्या कारणास्तव तो तपशील देता येत नाही."

"तपशील नाही तर आम्ही चूक सुधारायची कशी?"

"आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आणखी काही मदत करू शकते का?"

"आणखी काय? आधी कुठं केलीत?" कुमुदचा पारा चढला. "माझ्या भावाला बोटं नाहीत. तो पायाच्या पॅडलवर खेळतो. त्यामुळं झालंय का हे?"

"बाहेरून जोडलेल्या साहाय्यक साधनांना मेरिडॉनची पूर्ण परवानगी आहे. आढळलेला बदल यंत्राच्या आतील आहे."

कुमुदनं फोन ठेवला.

"काय म्हणाली?" विश्रामनं विचारलं.

"काही नाही. यंत्राचा आवाज आहे. माणूस गाठायला पाहिजे," ती म्हणाली आणि पीठ मळायला परत गेली. पण मळून झालेल्या गोळ्यालाच ती पुन्हा पुन्हा मळत राहिली.

जून महिन्यात, विश्राम दवाखान्यात तपासणीला गेला असताना, यंत्र चालू होईना म्हणून तिनं ते उघडलं होतं. वीज पुरवणाऱ्या भागातला एक कॅपॅसिटर फुगला होता. कंपनीकडं पाठवलं असतं तर यंत्र चाळीस दिवस पुण्यात राहिलं असतं, आणि त्या चाळीस दिवसांत भाऊ पुन्हा गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसेल याची तिला धास्ती होती. तिनं त्याच क्षमतेचा, दुसऱ्या बनावटीचा कॅपॅसिटर लावला. दहा मिनिटांचं काम. विश्राम परत आला तेव्हा यंत्र सुरू होतं. तिनं त्याला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं शीतल मगदूमला फोन केला. तो तिचा जयसिंगपूरचा जुना विद्यार्थी. पुण्यात यंत्रसुरक्षेच्या कामात होता.

"बाई, शुक्रवारी त्यांची नवी आज्ञावली उतरली," तो म्हणाला. "राज्यभरातनं तक्रारी येतायत. तुम्ही आत काय बदललं?"

"एक कॅपॅसिटर."

पलीकडून तो हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "पुरे झालं मग. बघा, चोरीचे खेळ चालवणारे लोक यंत्रात एक बारकी चिप घालतात. ही चिप काय करते, तर मुख्य प्रोसेसर 'हा खेळ खरा आहे का' हे तपासत असतो, नेमक्या त्या वेळी त्याची वीज एका सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती दाबते. प्रोसेसरला क्षणभर झापड येते आणि ती तपासणी राहून जाते. म्हणून आता कंपनी विजेवरच लक्ष ठेवते. प्रत्येक यंत्राची एक नाडी असते, बाई. दोन यंत्रं एकाच साच्यातली असली तरी त्यांच्यातल्या विजेच्या लहरी तंतोतंत सारख्या नसतात. कारखान्यातनं बाहेर पडताना ती नाडी नोंदवून ठेवतात, आणि आता यंत्र चालू असताना मधूनमधून स्वतःची नाडी स्वतः बघून ती जुन्या नोंदीशी ताडून पाहतं."

"आणि कॅपॅसिटर म्हणजे विजेची टाकी," कुमुद सावकाश म्हणाली. "पाणी वरनं धक्क्याधक्क्यानं आलं तरी नळाला सारखं येतं, ते टाकीमुळं. मी टाकीच बदलली. लहरी बदलल्या."

"बरोबर. यंत्राला फरक कळतो, बाई. तो फरक चोरानं केला की तुम्ही, हे त्याला कळत नाही. आणि ते कळावं म्हणून कुणी पगार देत नाही."

"मग मी नवं यंत्र घेते. माझ्या नावानं."

"नका घेऊ," शीतल पटकन म्हणाला. "बंदी यंत्रावर नाही, माणसावर असते. दोन बटणं दाबण्यामधला वेळ, अंगठ्याचा दाब, हाताचा कंप, हे सगळं मिळून हातठसा होतो. विश्रामकाकांचा हात तर लाखात ओळखू येईल. दहा-पंधरा मिनिटांत पकडतील."

कुमुदनं ऐकून घेतलं आणि नवं यंत्र मागवलं. आयुष्यभर बिघडलेल्या वस्तू तिच्या हातात आल्या होत्या आणि चालू होऊन परत गेल्या होत्या. एखादी गोष्ट नीट करता येणारच नाही, हे तिला पटत नसे.

बुधवारी दुपारी विश्राम नव्या यंत्रावर, 'कुमुद शिंत्रे' या नावानं आकाशात चढला. निलोफरची सुटी होती. त्याचा आवाज ऐकून ती आनंदानं ओरडलीच. "कप्तान! कुठं होता तुम्ही? फेरी पुन्हा घेणार आहेत, आयोजकांना मी कळवलंय. अजून संधी आहे!"

विश्राम हसला. त्या चार दिवसांत पहिल्यांदाच. त्यानं दोन डोंगर पार केले, तिसऱ्यावरच्या गरम हवेत शिरला, आणि चौदाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

या वेळी मजकूर मोठा होता. बंदी असलेल्या व्यक्तीचा हातठसा आढळला होता. हे खातंही बंद झालं होतं. आणि बंदी असलेल्या व्यक्तीबरोबर उड्डाण केल्याबद्दल निलोफर मुजावर यांचं खातं सात दिवसांसाठी थांबवण्यात आलं होतं.

पाच मिनिटांनी निलोफरचा साधा फोन आला.

"कप्तान, मला चोर ठरवलंय त्यांनी," ती म्हणाली. ती रडत नव्हती, पण आवाज थिजला होता. "तुम्ही काही केलं असेल तर सांगा मला. मी रागावणार नाही. फक्त खरं सांगा."

"मी काहीच केलं नाही गं. आईशपथ!"

"मग यंत्र उगाच कसं म्हणेल?"

फोन ठेवून विश्राम वळला, तर कुमुद दाराशी उभी होती.

"मी केलंय," ती म्हणाली, आणि जूनमधली सगळी हकिकत तिनं एका दमात सांगून टाकली.

"चार दिवस तू बघतीयस," विश्राम म्हणाला. "मी डोकं आपटून घेतोय, मी काय चुकलो, कुठलं बटण दाबलं. आणि तुला पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं?"

"तुला त्रास नको म्हणून..."

"त्रास? मी चाळीस दिवस थांबलो असतो की! थांबायचं का नाही, ते माझं मी ठरवलं असतं. दवाखान्यात उरलेल्या बोटाचा तुकडा ठेवायचा का काढायचा, ते तू ठरवलंस. मी शुद्धीत होतो, अक्का. डॉक्टर माझ्या अंगावरनं तुझ्याशी बोलत होता. नुकसानभरपाईच्या कागदावर कुठं सही करायची ते तू ठरवलंस. मी काय तुझ्या टेबलावर आलेला रेडिओ आहे?"

कुमुदला उत्तर द्यायचं होतं. तिनं त्याच्यासाठी काय काय केलं, ते सगळं जिभेवर आलं होतं. पण ती वळून आपल्या खोलीत निघून गेली.

पुढचे बारा दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. कुमुद अर्ज करत राहिली. पहिला अर्ज तीन मिनिटांत फेटाळला गेला. दुसरा दोन मिनिटांत. तिसऱ्यात 'काढलेला मूळ सुटा भाग जोडा' असं लिहून आलं. एकतीस वर्षं ती पोरांना सांगत आली होती की काढलेला भाग फेकायचा नाही, आणि तिनंच तो कॅपॅसिटर कचऱ्याच्या गाडीत टाकला होता. ती स्वतःवरच चरफडली. चौथ्या अर्जाला मीरानं उत्तर दिलं की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. पाचवा अर्ज शीतलनं ओळखीतून एका जिवंत माणसापर्यंत पोचवला, आणि मंगळवारी दुपारी तीन वाजता अकरा मिनिटांची सुनावणी मिळाली.

तेवढ्यासाठी दोघं भावंडं पहिल्यांदा एका कोचावर बसली. पडद्यावर चाळिशीच्या बाई आल्या. चेहरा दमलेला, मागे कुणीतरी दुसऱ्या सुनावणीत बोलत होतं.

"मी कर्णिक. तुमची फाइल वाचलीय," त्या म्हणाल्या. "माझं वैयक्तिक मत विचाराल तर ही दुरुस्तीच आहे. पण माझ्याकडं 'दुरुस्ती' असा रकानाच नाही. बदल आहे किंवा बदल नाही. बदल आहे."

"मग रकाना करा की," कुमुद म्हणाली.

"तो माझ्या हातात असता तर केला असता, बाई." त्यांनी खाली बघून वाचलं. "एक वाट आहे. बदल खातेदाराच्या नकळत दुसऱ्या कुणी केला असेल, तर खातेदाराची बंदी उठते. संघातल्यांवरचा ठपकाही जातो. ज्यानं बदल केला त्याचा हातठसा कायमचा बंदीच्या यादीत जातो. खातेदाराला ठाऊक असेल, तर जबाबदारी एकट्या खातेदाराचीच."

"घाला माझा," कुमुद लगेच म्हणाली. "मी कुठं खेळते? कुठं सही करायची?"

"थांबा. ही यादी फक्त खेळापुरती नाही. हातठशानं उघडणाऱ्या सगळ्या सेवांना ती लागू होते."

"चालेल म्हटलं ना. लिहून घ्या. कुमुद बाळकृष्ण शिंत्रे."

विश्रामनं तिच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा अगदी शांत होता, आणि त्या शांतपणावरूनच त्याला कळलं. सकाळी नऊ वाजता ती स्पर्शमेजावर उजवा हात ठेवायची, हिरवा दिवा लागायचा आणि एकवीस मुलींचे हातमोजे जागे व्हायचे. त्या मेजाच्या कडेला मेरिडॉनचंच चिन्ह होतं.

"शिंत्रे," कर्णिक बाई त्याच्याकडं वळल्या, "हे खातेदारालाच सांगावं लागतं. तुमचं बोलणं नोंदवलं जातंय. यंत्रातला भाग तुमच्या नकळत बदलला गेला का?"

विश्रामच्या मनात निलोफरचा तो थिजलेला आवाज होता, रखडलेली फेरी होती, तापलेल्या कड्यावरची हवा होती. एक 'हो' म्हणायचं. आणि ते खरं होतं, अगदी शब्दशः खरं. त्यासाठी कुणी त्याला नावं ठेवली नसती.

"नाही," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. मीच करायला सांगितलं अक्काला."

"विश्राम!" कुमुद ताडकन उठली. "खोटं बोलतोय तो! मॅडम, तो दवाखान्यात होता तेव्हा, माझ्याकडं तारीख आहे, कागद आहेत..."

"शिंत्रे, नीट विचार करा. हे पुन्हा उघडता येणार नाही," कर्णिक बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता दमलेला नव्हता.

"केलाय विचार. पण निलोफर मुजावरला यातलं काही माहीत नव्हतं, ते तेवढं लिहा."

"ते लिहिते," त्या म्हणाल्या. क्षणभर त्या काहीतरी आणखी बोलतील असं वाटलं. मग अकरावं मिनिट संपलं आणि पडदा रिकामा झाला.

कुमुद त्याच्यावर तुटून पडली. "कुणी सांगितलं होतं तुला? मला विचारलंस? माझा वर्ग, माझा हात, मी बघितलं असतं काय करायचं ते! स्वतःच्या मनानं एवढं ठरवून मोकळा..." आणि ती मध्येच थांबली.

विश्राम तिच्याकडं बघतही नव्हता. सवयीनं हाताला बांधलेल्या पट्ट्याचं बक्कल तो डाव्या हातानं आणि दातांनी सोडवत होता. एरवी तिनं पुढं होऊन सोडवलं असतं. आज ती जागच्या जागी उभी राहिली. बक्कल सुटायला बराच वेळ लागला.

फेरी पुन्हा झाली. निलोफर कप्तान झाली आणि विश्रामनं साध्या फोनवर ती सगळी ऐकली. ती विमानातले काटे वाचून दाखवायची, तो हवा सांगायचा. पण आवाज पोचेपर्यंत क्षण निघून जायचा. त्याच्या जागी घेतलेला गडी तर हवेत शिरायच्या आधीच वळायचा. "अरे थांब की जरा!" विश्राम भिंतीवर ओरडायचा. संघ सहावा आला. वरचे चारच पुढं गेले. "पुढच्या वर्षी, कप्तान," निलोफर म्हणाली. बंदी कायमची होती हे दोघांनाही माहीत होतं.

कुमुदचा राग गेला नाही. मेरिडॉनवरचा नाही, शीतलनं सांगितलेल्या त्या नाडीवरचा नाही, भावावरचाही नाही. सकाळी नऊला हिरवा दिवा लागला की तो आणखी भडकायचा. एका सोमवारी वर्ग संपवून ती कागदपेन घेऊन बाहेर आली आणि ग्राहक आयोगासाठी तक्रार लिहायला बसली. बंद पडलेला भाग बदलणं ही छेडछाड नव्हे, दुरुस्ती आहे, आणि वस्तू विकत घेतलेल्या माणसाला ती करता आली पाहिजे, असं तिला म्हणायचं होतं. पाच वेळा खोडून तिनं पहिला परिच्छेद पुरा केला.

"विश्राम," ती म्हणाली, "तक्रार तुझ्या नावानं करावी लागेल. जून महिन्यात काय झालं ते जसंच्या तसं लिहावं लागेल. मग ते माझा वर्ग बंद करू शकतात. शीतल म्हणतो, निकालाला तीन-चार वर्षं लागतील, आणि हरलो तर दोघांचंही गेलं." ती थोडी अडखळली. "करायची का?"

विश्राम उठून तिच्या शेजारी येऊन बसला. तिनं लिहिलेलं त्यानं सावकाश, ओळीवर अंगठा फिरवत वाचलं. खिडकीखालून रद्दीवाला ओरडत गेला.

"मुलींना विचारलंस?"

"उद्या विचारते."

"विचार. त्या हो म्हणाल्या तर करू." त्यानं कागद तिच्यापुढं सरकवला आणि पहिल्या ओळीवर अंगठा टेकवला. "आणि हे 'माझा अपंग भाऊ' काढ इथनं."

"मग काय लिहू?"

"कप्तान विश्राम शिंत्रे लिही."

कुमुदनं ओळ खोडली आणि तसं लिहिलं.